लाखेची तबकडी

तबकडीवरचं कुत्रं जवळजवळ पुसलं गेलंय. भोंग्यापुढे मान तिरकी करून बसलेलं ते जगप्रसिद्ध कुत्रं, पण या लेबलवर त्याची पाठ आणि एक कान तेवढा उरलाय. लेबलच्या वरच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटनं, ब्रश नसला की काडीनं लिहितात तसा, ४७ हा आकडा. खाली जांभळ्या शाईचा गोल शिक्का. अर्धा झिजलेला. वाचता येतं ते एवढंच : ‘बिछायत व लाऊडस्पीकर’ आणि त्याखाली ‘गोंदिया, जि. भंडारा’.

ही रेकॉर्ड मला गोंदियात नाही, मुंबईच्या चोरबाजारात मिळाली. मटण स्ट्रीटवर एका दुकानाच्या पायरीवर मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डचा गठ्ठा सुतळीनं बांधून ठेवला होता. मी गोंदियाकडचा. आमचं घर बिरसीला, कामठ्याजवळ, विमानतळाच्या अंगानं. गोंदिया हा शब्द दिसला की मुंबईत आजही मान वळते. आणि ‘जि. भंडारा’ म्हटल्यावर तर काळही कळला. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, म्हणजे शिक्का त्याआधीचा, बहुधा खूपच आधीचा. एका बाजूला रफी, दुसऱ्या बाजूला लता. दुकानदारानं दोनशे सांगितले, मी घासाघीस न करता दिले. तो जरा नाराजच झाला. घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे या बाजारात संशयानं बघतात.

गोंदिया ते मुंबई हा या तबकडीचा प्रवास कसा झाला असेल, ते शोधत मी वर्षभर फिरलो. तिचा हातोहात पत्ता काही लागणार नव्हता. पण त्या निमित्तानं जुन्या रेकॉर्डच्या धंद्याची एक बाजू दिसली, जी मुंबई-पुण्याच्या आठवणींत सहसा येत नाही.

मुंबई-पुण्याकडच्या आठवणींत रेकॉर्ड म्हणजे दिवाणखाना. कपाटात ओळीनं लावलेले लाँग प्ले, गीतरामायणाचा संच, पु.लं.ची एखादी तबकडी, वडिलांचा मऊ फडका आणि मुलांनी हात लावायचा नाही असा दंडक. आमच्याकडे असा दिवाणखाना नव्हता. बिरसीत रेकॉर्ड कुणाच्या घरात नव्हती, गावात होती. ती बांबूवर बांधलेल्या भोंग्यातून यायची.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी संपली की मंडई सुरू होते. भाऊबीजेपासून आज या गावची, उद्या त्या गावची, अशी महिनाभर मंडयांची रांग. दिवसा बाजार भरतो, रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक. माहेरवाशिणी येतात, सोयरिकी ठरतात. मंडई आहे हे शेजारच्या गावांना कळायचं ते भोंग्यानं. सकाळीच बिछायत केंद्राची बैलगाडी यायची. तिच्यात सतरंज्या, कनाती, पेट्रोमॅक्स, आहुजाचा ॲम्प्लिफायर, मोटारची बॅटरी आणि एक लाकडी पेटी. त्या पेटीत रेकॉर्ड उभ्या लावलेल्या. आम्ही पोरं त्या पेटीपासून हातभर अंतरावर बसायचो. जवळ गेलं की फटका ठरलेला.

रेकॉर्ड लावणारा आमच्यासाठी हिरोच होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि लेबलं बहुतेक इंग्रजीत. म्हणून प्रत्येक तबकडीवर आकडा. एका वहीत आकडे आणि पुढे गाणं, पण वही तो क्वचितच उघडायचा. कुणी सांगितलं, ‘भाऊ, थे झुमक्याचं लावा जी,’ की त्याची बोटं पेटीत जाऊन नेमकी ती तबकडी वर काढायची. नवरदेव पारावर आला की कोणती, मुलगी निघाली की कोणती, जेवणावळीला कोणती, हे सगळं आकड्यांत ठरलेलं. आज ज्याला प्लेलिस्ट म्हणतात ती त्याच्या बोटांत होती.

त्या रेकॉर्डचे हालही तेवढेच व्हायचे. धूळ, तांदळाच्या अक्षता, हळदीचे हात, बॅटरी उतरली की गाणं रडवेलं व्हायचं ते वेगळंच. पिन वेळेवर बदलली जात नसे. मुंबईचा चोखंदळ संग्राहक आमच्याकडची रेकॉर्ड हातात घेतो आणि लगेच खाली ठेवतो. बरोबरच आहे त्याचं. खोबणी पार खरवडलेल्या असतात. पण एकेका तबकडीनं तीन-चारशे लग्नं लावलेली असतात, हे त्याच्या तोलण्यात येत नाही.

बिरसीत रेकॉर्डचं दुकान कधीच नव्हतं. कामठ्यातही नाही. रेकॉर्ड विकत घ्यायची ती गोंदियाला, घड्याळं-रेडिओ विकणाऱ्यांकडे. तेही नव्या. जुन्या रेकॉर्डचा बाजार बिछायतवाल्यांचा आपापसात चालायचा. एकाकडे दोन झाल्या की दुसऱ्याला द्यायची, एखाद्यानं धंदा सोडला की पेटीच्या पेटी उचलायची. मग कॅसेट आली. ऐंशीच्या दशकात टी-सिरीजच्या स्वस्त कॅसेटींनी जे केलं त्याला लोक पायरसी म्हणोत की क्रांती, बिछायतवाल्याच्या दृष्टीनं ती सुटका होती. कॅसेट फुटत नाही, पेटी जड होत नाही, बॅटरी कमी खाते. चार-पाच वर्षांत लाकडी पेट्या माळ्यावर गेल्या.

या शोधात मी गोंदियातल्या तीन जुन्या बिछायत केंद्रांत जाऊन आलो. आता तिथे डीजे, एलईडी भिंत, ड्रोन. रेकॉर्डचं नाव काढल्यावर एका म्हाताऱ्या मालकानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. ‘रेकॉर्डा? थ्या तं कवाच्याच भंगारात गेल्या जी.’ मग जरा थांबून, ‘मारावर एकदोन असतीन. पोट्टे काढू नाही देत. म्हनतात, बाबा, इंचू निघते.’

भंगारात गेल्या, पण सगळ्या नाही. लाँग प्ले आणि पंचेचाळीसच्या छोट्या तबकड्या प्लास्टिकच्या, त्या भंगारवाल्यानं किलोवर घेतल्या. अठ्ठ्याहत्तरच्या जुन्या काळ्या तबकड्या मात्र त्याला नको होत्या. त्या प्लास्टिक नाहीत, वितळून बादली होत नाही. त्यांचं काय करायचं कुणालाच कळेना. म्हणून त्याच उरल्या. माळ्यावर, उकिरड्यावर, गव्हाच्या कोठीवर झाकण म्हणून. आणि कधीतरी नागपूरमार्गे, फिरत्या जुन्या सामानवाल्यांच्या हातून, मुंबईत मटण स्ट्रीटच्या पायरीवर.

त्या प्लास्टिक का नाहीत, तर त्या लाखेच्या आहेत. इथे मला जरा रेंगाळू द्या. कारण रेकॉर्डचा इतिहास लिहिणारे लंडन, न्यूयॉर्क, कलकत्ता करतात आणि आमच्या पळसाकडे कुणी बघत नाही.

बिरसीच्या घरी एक फुटलेली तबकडी होती. तिचा तुकडा लहानपणी मी चुलीच्या निखाऱ्यावर धरला होता. आधी बुडबुडे, मग वास. तो वास ओळखीचा निघाला. पोस्टात रजिस्टर पार्सलवर मोहोर लावताना यायचा तोच, पोलीस पाटलाकडे मुद्देमालाच्या पुडीवर असायचा तोच. लाख. आणि लाख म्हणजे आमच्या रानातली. महाराष्ट्रात लाख होते ती मुख्यतः गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात, पळस, बोर आणि कुसुमच्या झाडांवर. मोहरीएवढा किडा फांदीचा रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. फांद्यांवर तांबूस खरपुड्या चढतात. त्या खरवडायच्या, धुवायच्या, रंग काढून टाकायचा, मग वितळवून चपडा करायचा.

चपडा करण्याची जुनी रीत बघण्यासारखी होती. धुतलेली लाख मनगटाएवढ्या बारीक पण खूप लांब कापडी पिशवीत भरायची. पिशवीचं एक टोक कोळशाच्या भट्टीपुढे धरून दुसरं टोक पिळत राहायचं. उष्णतेनं लाख वितळून कापडातून पाझरते. ती गरम पाणी भरलेल्या चिनीमातीच्या नळकांड्यावर पसरायची. मग एक कारागीर तो मऊ पत्रा उचलून भट्टीसमोर उभा राहायचा आणि दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दात, अशा पाच जागी धरून तो ताणायचा. ताणत ताणत कागदासारखा पातळ. गार झाला की मोडून पोत्यात. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला लाखेची खास संशोधन संस्था निघाली, इतकं त्या चपड्याला जगात महत्त्व होतं. आणि त्याचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे ग्रामोफोन कंपन्या.

तबकडीत निव्वळ लाख नसायची. दगडाची बारीक पूड, काजळी, थोडे कापसाचे तंतू, आणि हे सगळं धरून ठेवणारी लाख. पूड मुद्दाम खरखरीत, कारण पोलादी सुई खोबणीच्या मापाला घासली जावी अशी योजना होती. म्हणून तर दर बाजूला सुई बदलायची. रेकॉर्डपेक्षा सुई स्वस्त, म्हणून झीज सुईच्या वाट्याला. आमच्या बिछायतवाल्यांना हे गणित कुणी सांगितलंच नाही.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्याला गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की त्या रेकॉर्ड तयार झाल्या जर्मनीत, हॅनोवरला. म्हणजे हिंदुस्थानची लाख बोटीनं युरोपात, तिथे तिची तबकडी, आणि हिंदुस्थानी गाणं घेऊन ती परत हिंदुस्थानात. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदहला कारखाना निघाला तेव्हा हा वळसा संपला, पुढे १९२८ मध्ये तो कारखाना डमडमला गेला. बंगाल-नागपूर रेल्वेची गाडी १९०० पासून थेट हावड्यापर्यंत धावत होती आणि गोंदिया तिच्या वाटेवरचं जंक्शन. लाखेचा मोठा बाजार कलकत्त्यालाच. तिथे सगळ्या रानांची लाख एकत्र व्हायची, छोटा नागपूरची, छत्तीसगडची, आमच्या झाडीची. त्याच रुळांवरून माल जायचा आणि त्याच रुळांवरून तबकड्यांची खोकी परत यायची.

दुसऱ्या महायुद्धात या लाखेवर एकाएकी सरकारांची नजर गेली. दारूगोळ्याला, विजेच्या सामानाला लेप म्हणून ती लागू लागली आणि पूर्वेच्या समुद्रवाटा धोक्यात आल्या. १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेनं रेकॉर्डसाठी लागणाऱ्या लाखेत सत्तर टक्के कपात केली. लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, नव्या करण्याची मोहीम निघाली. तिकडे जुन्या रेकॉर्डला एवढा भाव कधीच आला नव्हता. सैनिकांसाठीच्या तबकड्या प्लास्टिकच्या करून बघितल्या गेल्या आणि तिथून लाखेचे दिवस भरत आले. बिरसीची धावपट्टीही त्याच युद्धातली, १९४० ची, इंग्रजांनी बांधलेली. रानातल्या लाखेकडे आणि रानाशेजारच्या माळाकडे एकाच वेळी युद्धाचं लक्ष गेलं असं म्हणायला मला आवडतं, पण त्यात फार अर्थ शोधू नये. युद्धाचं लक्ष सगळीकडेच गेलं होतं. नंतर ती धावपट्टी कित्येक वर्षं गुरांना आणि आम्हाला मिळाली. आता तिथे वैमानिक घडतात, आणि २०२२ च्या मार्चमध्ये पहिलं प्रवासी विमानही सुटलं.

अमेरिकेत १९४८ ला लाँग प्ले आला, पुढच्या वर्षी पंचेचाळीसची छोटी तबकडी. युरोप-अमेरिकेनं पन्नासच्या दशकातच लाख सोडली. आपण मात्र डमडमला साठचं दशक सरेपर्यंत लाखेच्या तबकड्या दाबत होतो, कारण गावोगाव चावीचे ग्रामोफोन होते, वीज नव्हती, आणि जुनं यंत्र चालू असताना नवं घ्यायची आपली रीत नाही. त्याचा एक गमतीचा परिणाम म्हणजे बीटल्सच्या अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्ड. इंग्लंडमध्ये बीटल्स आले तोवर लाखेची तबकडी इतिहासजमा झाली होती, हिंदुस्थानात ती अजून निघत होती. तेव्हा बीटल्सचं गाणं लाखेवर ऐकायचं तर बहुधा हिंदुस्थानी तबकडीच हवी. परदेशी संग्राहक तिच्यासाठी हरखून जातात, वाटेल ती किंमत मोजतात. चोरबाजारातल्या प्रत्येक जुन्या दुकानदाराकडे अशा एका रेकॉर्डची कथा असते, आणि प्रत्येक कथेत ती त्यानं ओळखण्याआधीच कवडीमोलानं विकलेली असते.

तर हा चोरबाजार. मुंबईत रेकॉर्डचं दुकान म्हटलं की लोक काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस आठवतात. ते २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी अग्रलेखांच्या तोडीचे मृत्युलेख लिहिले. पुढे ती जागा नीरव मोदीच्या कंपनीकडे गेली, मग ईडीच्या जप्तीत. दुःख खरं होतं, पण ते नव्या मालाचं दुकान. नव्या मालाच्या दुकानाचं मरण साधं असतं. माल यायचा थांबतो, गिऱ्हाईक फोनवर ऐकू लागतं, भाडं मात्र वाढत राहतं. जुन्या रेकॉर्डच्या दुकानाचं तसं नाही. त्याला माल मागवताच येत नाही. त्याचा घाऊक व्यापारी म्हणजे कुणाचं तरी मोडणारं घर. म्हातारा गेला, गिरगावची चाळ पाडायला निघाली, सदाशिव पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला, की टेम्पो येतो. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर मुंबई-पुण्यात पुनर्विकासाची लाट आली तेव्हा मटण स्ट्रीटला आणि पुण्याच्या जुन्या बाजारात रेकॉर्डचा पूर होता. आता तोही ओसरला. मोडायची घरं मोडून झाली.

या धंद्यातली पारख मला एका दुकानदारानं दाखवली. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आडवी उभी राहिली तर तिसऱ्याला वाट नाही. लाँग प्ले असेल तर तो ती दिव्याखाली तिरकी धरतो. ओरखडा दिसला तर नख हलकेच फिरवतो. नख अडलं तर सुईही अडणार. मग ती डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून बघतो, पापड झालाय का. अठ्ठ्याहत्तरची पारख वेगळी. ती मधल्या भोकात बोट घालून तोलायची आणि काठावर टिचकी मारायची. माठ घेताना आपण मारतो तशी. शाबूत असेल तर टण्ण वाजते. केसाएवढी जरी चीर असली तरी बद्द. माझ्या सत्तेचाळीस नंबरला त्यानं टिचकी मारली होती आणि ती टण्ण वाजली होती, एवढा मार खाऊनही.

पण खरी पारख लेबलची. कोणत्या कंपनीचं, कोणत्या रंगाचं, क्रमांकाची मालिका कुठली. हिरवं कोलंबिया, ओडियन, मुंबईची यंग इंडिया. नाट्यगीताच्या तबकडीवर नाटकाचं नाव असतं, गाणाऱ्याचं कधी असतं, कधी नसतं. गाणं संपताना गायिका स्वतःचं नाव सांगते ती तबकडी जुनी, कारण त्या काळी जर्मनीतल्या कारखान्यातल्या माणसाला कळावं म्हणून नाव उच्चारायची पद्धत पडली होती. हे ज्ञान कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मुंबईत १९९० मध्ये रेकॉर्डप्रेमींनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स काढली, सुरेश चांदवणकरांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचं नियतकालिक वर्षानुवर्षं चालवलं आणि पुष्कळसं ज्ञान कागदावर आलं. ते प्राध्यापकी काम नव्हतं. त्यातला मोठा भाग अशाच पायऱ्यांवर, गठ्ठे उचकटताना जमलेला.

जुनं दुकान म्हणजे नेमकं काय, हे सांगायला मला केसरबाईंची गोष्ट पुरते. १९७७ मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर यानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी होती, पृथ्वीवरचं संगीत घेऊन अंतराळात जाणारी. हिंदुस्थानचं एकच गाणं घ्यायचं ठरलं, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी. निवड झाली, पण रेकॉर्ड कुठे मिळेना. बाजारातून ती केव्हाच गेली होती. कामाची सूत्रं ज्यांच्याकडे होती त्या ॲन ड्रुयन न्यूयॉर्कभर शोधत होत्या. शेवटी लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका हिंदुस्थानी कुटुंबाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात, तिच्या तीन प्रती निघाल्या. त्यांनी तिन्ही घेतल्या. एकच गाणं तीनदा कशाला हवं, याचं दुकानातल्या माणसाला नवल वाटलं म्हणतात. केसरबाई त्याच वर्षी १६ सप्टेंबरला गेल्या, व्हॉयेजर-१ उडाल्यानंतर अकरा दिवसांनी. सूर्यमालेच्या पार गेलेला तो सूर एका मिक्सर-पंखेवाल्याच्या टेबलाखालून निघाला होता. त्यानं ते खोकं जागा अडते म्हणून फेकलं असतं तर? सांभाळणं हा त्याचा हेतू नव्हता. फेकायचं राहून गेलं, इतकंच. माझ्या मते जुन्या दुकानांचं अर्धं काम हे असं फेकायचं राहून जाण्याचं आहे, आणि महाग भाड्याच्या जागेत ते काम होऊ शकत नाही.

आता रेकॉर्ड परत आली आहे, असं म्हणतात. येतेही आहे. अमेरिकेत २००८ पासून स्वतंत्र रेकॉर्ड दुकानांचा दिवस साजरा होतो, आणि २०२२ मध्ये तिथे सीडींपेक्षा तबकड्या जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. मुंबईत माहीमला रिव्हॉल्व्हर क्लबसारखं दुकान निघालं. २०२४ मध्ये मुंबईत तबकड्या दाबणारा नवा कारखानाही सुरू झाल्याची बातमी आली. ‘शोले’च्या संवादांची पॉलिडॉरची रेकॉर्ड, आर. डी. बर्मन, गझला, पिंक फ्लॉइड, यांना तरुण गिऱ्हाईक आहे. आनंद आहे. पण या परतीचा पाऊस सगळ्या शेतात सारखा पडलेला नाही. नवा शौकीन घेतो तो लाँग प्ले. त्याच्या नव्या प्लेअरवर बऱ्याचदा अठ्ठ्याहत्तरचा वेगच नसतो, असला तरी सुई चालत नाही. लाखेची तबकडी त्याला लागते ती भिंतीवर लावायला. हॉटेलवाले डझनावारी नेतात, घड्याळं बनवणारे नेतात. बालगंधर्वांच्या पदावर घड्याळाचा काटा फिरताना मी नागपूरच्या एका कॅफेत पाहिलाय. कॉफी बरी होती, पण घशाखाली उतरली नाही.

आणि पितळी भोंग्याचे ते चकचकीत ग्रामोफोन! चोरबाजारात समोरच मांडलेले असतात. लाकडी पेटी नवी, पितळ नवं, कुत्र्याचा बिल्ला नवा, फक्त आतली मोटर कधीकधी जुनी. जाणते त्याला हातही लावत नाहीत. पण दुकान तगतं ते त्याच्यावर. खोट्या भोंग्याच्या नफ्यात खऱ्या तबकडीचं भाडं निघतं. मला याचा राग यायचा. आता येत नाही. बिछायतवाला तरी काय करतो? डीजेच्या पैशात सतरंज्या सांभाळतो.

दुकानदारांची दुसरी अडचण वेगळीच आहे. वारसदार आता आजोबांची पेटी विकायला आणतात ती फोन हातात घेऊन. परदेशात कुठेतरी एक तबकडी पाचशे डॉलरला गेल्याचं त्यांनी पाहिलेलं असतं. आजोबांच्या पेटीतली रेकॉर्ड तीच, पण तिच्यावर हळदीचे डाग. सौदा फिसकटतो. पेटी घरी परत जाते आणि पावसाळ्यात वाळवीला मिळते.

लाखेचंही सांगतो. ती संपलेली नाही. औषधाच्या गोळ्यांवरचा लेप, चॉकलेटवरची आणि फळांवरची चकाकी, फर्निचरचं पॉलिश, बांगड्या, यांसाठी अजून चपडा लागतो. आमच्या भागात पळसावर लाख धरणारे आहेत. गाण्याचा आणि तिचा संबंध तेवढा तुटला.

गेल्या भाऊबीजेला मी सत्तेचाळीस नंबर घेऊन बिरसीला गेलो. नात्यातल्या एकाकडे एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर निघाला. पट्टा कुजलेला होता, तो सायकलच्या ट्यूबचा कापून बसवला. गाणं जरा धावलं, पण लागलं. खरखर इतकी की बायकोला वाटलं बाहेर पाऊस लागलाय.

मग गोंदियाच्या त्या म्हाताऱ्या बिछायतवाल्याकडे गेलो. शिक्का त्याच्या दुकानाचा नव्हता, पण मी तबकडी पुढे केली. त्यानं चष्मा लावला नाही. लेबल वाचलं नाही. भोकात बोट घातलं, काठावर टिचकी मारली, कान जवळ नेला. मान डोलावली. मग अंगठ्यानं तो पांढरा आकडा चाचपला.

‘सत्तेचाळीस. हे आमच्याच गल्लीतल्याची जी. थो आकडा असाच काढे, साताले शेपूट देऊन.’

गाणं कोणतं आहे ते मी सांगायला लागलो तर हातानंच थांबवलं.

‘नवरदेव उतरला का हेच लावाचा थो. अन् मंग नवरी निंगाली का अठ्ठेचाळीस.’ तबकडी त्यानं माझ्या हातात परत दिली, पण बोट अजून तिच्या काठावर होतं. ‘अठ्ठेचाळीस नाही भेटली तुमाले?’